फाईल उघडतच नही, ताई!

डिझाइनरने दिलेली फाईल उघडत नसेल तर कळवा, असं मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं. लग्नसराई तोंडावर आहे म्हणून म्हणा किंवा खान्देशात गल्लोगल्ली फ्लेक्सवाले झालेत म्हणून म्हणा, पत्रांचा ढीगच आला. बहुतेकांचं दुखणं सीडीआर फाईलचं, म्हणजे कोरलच्या (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या) फाईलचं. ज्या प्रश्नांच्या उत्तराचा चार जणांना उपयोग होईल ते निवडलेत. नावं छापत नाही, गाव आणि धंदा पुरे.

प्रश्न : आमचा बचत गट केळीचे वेफर्स करतो. पाऊचचं डिझाइन ज्या मुलाने केलं तो सुरतला नोकरीला गेला, आता फोन उचलत नाही. त्याने पेनड्राइव्हवर दिलेल्या फाईलवर क्लिक केलं की ‘कशात उघडायची’ असं कॉम्प्युटर विचारतो. पुतण्याने नाव बदलून जेपीजी करून पाहिलं, तरी उघडत नाही. पाकिटाचं वजन २०० ग्रॅमचं १५० ग्रॅम करायचं आहे, पाऊच छापणारा घाई करतोय. काय करावं? (बचत गटाच्या सचिव, चोपडा)

उत्तर : ताई, आधी पुतण्याला सांगा की नाव बदलून फाईल बदलत नाही. त्यातून विंडोजची एक खोड अशी, की फाईलच्या नावाचं शेपूट तो लपवून ठेवतो. त्यामुळे पोरं जेपीजी लिहितात आणि खरं नाव होतं ‘पाऊच डॉट जेपीजी डॉट सीडीआर’. फाईल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा म्हणजे शेपटं दिसू लागतील. ही टिक कायम राहू द्या. निम्मे घोळ त्यानेच मिटतात.

आता ही फाईल आहे तरी काय? जेपीजी म्हणजे ताटात वाढलेलं भरीत. सीडीआर म्हणजे भरताची कृती, आणि तीही एकाच घराच्या खाणाखुणांनी लिहिलेली. इथून इथवर रेघ, तिला ही गोलाई, आत हा रंग, त्यावर या फॉन्टमध्ये ही अक्षरं, अशा सूचना तिच्यात असतात, ठिपक्यांचं तयार चित्र नसतं. म्हणून तेच डिझाइन पाऊचवर छापा नाही तर एसटी स्टँडसमोरच्या होर्डिंगवर, कडा फाटत नाहीत. पण त्या सूचना पुऱ्या वाचता येतात त्या कोरलड्रॉलाच. कॅनडातल्या ओटावाच्या कोरल कंपनीने हे सॉफ्टवेअर १९८९ साली आणलं. फाईलची आतली रचना कशी आहे हे कंपनीने जगाला सांगितलेलं नाही. बाहेरच्यांनी ती उकलून काढली, आणि ‘लिबसीडीआर’ नावाची त्यांची मोफत वाचणी, म्हणजे अशा फायली वाचून देणारा प्रोग्राम, २०१२ मध्ये लिब्रेऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरच्या ३.६ आवृत्तीपासून त्यात आली. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअरही तीच वापरतं. दोन्ही फुकट आहेत, कायदेशीर आहेत आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतात.

तेव्हा मूळ फाईलची कॉपी करून ठेवा. इंकस्केप उतरवून घ्या, त्यात फाईल मेनूतून ओपन म्हणा. फाईलमध्ये पुढची-मागची अशी दोन पानं असतील तर कोणतं पान हवं ते विचारेल. तिथं न उघडल्यास लिब्रेऑफिसच्या चित्रं काढायच्या भागात, म्हणजे लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये बघा. एकाने नाकारलेली फाईल दुसऱ्याने घेतलेली मी पुष्कळदा पाहिली आहे.

पाऊच डोळ्यांसमोर आलं म्हणून लगेच छापायला मात्र देऊ नका. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलेली सीडीआर दिसते तशीच असेल याची खात्री नसते. वेफर्सचा फोटो कोरलमध्ये ‘पॉवरक्लिप’ करून, म्हणजे एखाद्या आकाराच्या आत कोंबून बसवलेला असतो. तो कधी चौकटीबाहेर सांडतो, कधी गायब होतो. सावल्या आणि अर्धपारदर्शक रंग चपटे होतात. बारकोड कोरलच्याच बारकोड विझार्डने टाकला असेल तर त्या जागी कोरी चौकट उरू शकते. म्हणून जुनं छापील पाऊच हातात धरा आणि बोट ठेवून ताडून बघा. बारकोडखालचे १३ आकडे तेच आहेत ना (भारतात नोंदवलेला बारकोड ८९० ने सुरू होतो), एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा नंबर १४ आकडीच आहे ना, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका जागेवर आहे ना. त्या नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर सगळी पाऊचं रद्दीत, हे पाऊचवाला तुम्हाला सांगणार नाही. तो फाईल जशी येईल तशी छापतो.

रंगाचंही बघायला हवं. छपाई होते निळा, मजेंटा, पिवळा, काळा अशा चार शाईंत. इंकस्केप काम करतं पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्यात. केळीचा पिवळा पडद्यावर झकास दिसतो आणि कागदावर मळकट उतरतो. म्हणून माझं मत, फाईल बघायला आणि मजकूर तपासायला इंकस्केप ठीक, पण २०० चे १५० करायचं काम ज्याच्याकडे कोरल आहे त्याच्याकडूनच करून घ्या. चोपड्यात एखादा पत्रिकावाला सापडेलच. नाही तर जळगावला गोलाणी मार्केटच्या फेरीत आणखी एक काम. दोन आकडे बदलायला कुणी जास्त पैसे मागितले तर उठून यायचं.

त्याच्याकडे जाण्याआधी फाईल कोरलच्या कोणत्या व्हर्जनची आहे ते बघून जा, कारण नव्या कोरलची फाईल जुन्यात उघडत नाही. कॉपी केलेली फाईल नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य अक्षरांचा सडा दिसेल, घाबरू नका, फक्त सुरुवात बघा. सुरुवातीला इंग्रजी ‘आरआयएफएफ’ दिसलं तर फाईल एक्स-थ्री किंवा त्याआधीची, म्हणजे २००६ किंवा त्यापूर्वीच्या कोरलची. ‘पीके’ दिसलं तर एक्स-फोर म्हणजे २००८ किंवा त्यानंतरची. हे ‘पीके’ म्हणजे झिप फाईलचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. एक्स-फोरपासून कोरलची फाईल ही आतून झिपच, म्हणजे फायलींचं बांधलेलं गाठोडंच असते. अशा फाईलच्या कॉपीचं शेपूट बदलून ‘झिप’ करा आणि उघडा. आतल्या फोल्डरांत डिझाइनचं एक बारकं चित्र सापडतं. छापायला ते निरुपयोगी, पण दहा फाईलींतली वेफर्सची कोणती आणि चिवड्याची कोणती हे कोरल नसताना कळतं. नोटपॅडमधून बाहेर पडताना ‘सेव्ह करू का’ विचारलं तर नाही म्हणा.

फुकटात सीडीआर बदलून देणाऱ्या वेबसाइटी आहेत. बचत गटाच्या पाऊचसाठी वापरल्या तर फार बिघडत नाही. पण पत्रिकेत घरादाराचे पत्ते आणि मोबाइल नंबर असतात, ते कुठल्या देशातल्या कुणाच्या कॉम्प्युटरवर पडून राहतात कोण जाणे. मी तरी टाकत नाही. पेनड्राइव्हवर मिळणाऱ्या ‘क्रॅक’ म्हणजे चोरीच्या कोरलबद्दल पत्रात लाजत लाजत विचारलं आहे. आपल्याकडे कोरल सगळ्यांकडे असतं, बिल कुणाकडेच नसतं. त्या क्रॅकसोबत काय काय घरात येतं हे ज्याच्या सगळ्या फायली एका रात्रीत कुलूपबंद झाल्या त्याला विचारा. कंपनीची मर्यादित दिवसांची मोफत ट्रायल मिळते, एकदाच्या कामाला ती पुरते.

आणि पुढचं डिझाइन कराल तेव्हा पैसे चुकते करण्याआधी मागून घ्या: मूळ सीडीआर, ती कोणत्या व्हर्जनची आहे ते नावातच लिहून, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केलेली) पीडीएफ, आणि वापरलेले मूळ फोटो. सुरतला जाणारा जाईल, त्याला आपण अडवू शकत नाही.

प्रश्न : ‘ताई, समदं मराठी इंग्रजी व्हई गयं!’ आमच्या भाऊबंदकीची कानबाईच्या उत्सवाची पत्रिका दरवर्षी एकाच फाईलवरून होते, फक्त तारीख आणि चार नावं बदलतो. यंदा नवा कॉम्प्युटर घेतला. त्यात कोरल आहे, फाईल उघडते, चित्र, वेलबुट्टी सगळं जागेवर, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या आणि डॉलरच्या खुणा. श्रावण जवळ आला. (किराणा दुकानदार, धुळे)

उत्तर : दादा, मजकूर गेलेला नाही, जिथल्या तिथे आहे. फक्त तो दाखवणारा फॉन्ट जुन्या कॉम्प्युटरवरच राहिला.

हे जरा नीट समजून घ्या, कारण खान्देशातल्या निम्म्या पत्रिका याच रोगाने आजारी आहेत. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सुरेख ही जुनी फॉन्टमंडळी युनिकोड (म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणारी पद्धत) घरोघरी पोचण्याआधीच्या जमान्यातली. कॉम्प्युटरला तेव्हा इंग्रजी अक्षरांच्याच खुर्च्या ठाऊक होत्या, म्हणून या फॉन्टवाल्यांनी त्याच खुर्च्यांवर मराठी अक्षरं बसवली. इंग्रजी ‘के’च्या खुर्चीवर एकाने ‘क’ बसवला, दुसऱ्याने अर्धा ‘ख’, तिसऱ्याने नुसता काना. फाईलमध्ये साठतो तो खुर्चीचा नंबर आणि फॉन्टचं नाव. फॉन्ट नसला की कॉम्प्युटर त्या खुर्चीवरचा मूळ मालक दाखवतो, म्हणजे इंग्रजी अक्षर. आणि दर फॉन्टची बैठक वेगळी, त्यामुळे श्रीलिपीच्या मजकुराला शिवाजी लावून भागत नाही, नुसता वेगळा गोंधळ होतो.

फाईल उघडताना कोरल एक चौकट दाखवतो: अमुक फॉन्ट सापडत नाही, त्याऐवजी तमुक लावू का. घाईत सगळे ओके दाबतात. तिथंच थांबायचं. सापडत नसलेल्या फॉन्टचं नाव कागदावर उतरवून घ्या, स्पेलिंग आणि आकड्यासकट; एकाच घराण्यातले भाऊ फक्त आकड्याने वेगळे असतात. चौकटीत ‘टेम्पररी’ आणि ‘पर्मनंट’ असा पर्याय असेल तर पर्मनंटला हात लावू नका. पर्मनंट म्हणून सेव्ह केलं की फाईलमधून मूळ फॉन्टचं नाव पुसलं जातं, मग मजकूर कोणत्या बैठकीचा होता तेही कळत नाही. काही न करता फाईल बंद करा. जुना कॉम्प्युटर भंगारात दिला नसेल तर त्याच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून त्या नावाचा फॉन्ट नव्यावर आणा, किंवा ज्या सॉफ्टवेअरसोबत तो विकत घेतला होता ते नव्यावर टाका. मग फाईल पुन्हा उघडा. कानबाई आपल्या जागी दिसेल.

फॉन्ट मिळालाच नाही तर मजकूर कॉपी करून वर्डमध्ये न्या आणि जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर वापरा. तुमच्याच फॉन्टचा कन्व्हर्टर हवा, हे सांगायला नको. रूपांतर झाल्यावर रफार, अर्धा र आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘सूर्यवंशी’ आणि ‘पाटील’ हे आधी वाचा. पाटील सहसा सहीसलामत येतात, सूर्यवंश्यांचा रफार हरवतो. आणि भाऊबंदकीत एकाचं नाव चुकलं तर रोटाच्या जेवणाला कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

युनिकोड मजकूर जुन्या कोरलमध्ये चिकटवलात तर नवीच गंमत होते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी मागे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. जुन्या कोरलला देवनागरीची जुळणी येत नाही, तुमच्या टायपिंगचा यात काही दोष नाही. तुमचं कोरल तसं असेल तर पत्रिकेपुरता जुना फॉन्टच बरा.

फाईल एकदा नीट दिसली की दोन करून ठेवा. एक आहे तशी, दरवर्षी बदलायला. दुसरी छापखान्यात द्यायला: सगळं सिलेक्ट करा, कंट्रोल आणि क्यू दाबा. याला ‘कर्व्ह करणं’ म्हणतात. अक्षरं अक्षरं न राहता नुसते आकार होतात, मग समोरच्याकडे फॉन्ट असो नसो, दिसायला तेच. कर्व्ह केल्यावर मात्र काना-मात्रा बदलता येत नाही, म्हणून वडीलधाऱ्यांकडून प्रूफ आधी वाचून घ्यायचं आणि कंट्रोल-क्यू नंतर. कर्व्ह केलेली फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा, नाही तर पुढच्या श्रावणात मला पुन्हा पत्र लिहाल. लांबलचक परिच्छेद मजकूर कर्व्ह होताना जुना कॉम्प्युटर धापा टाकतो, त्याला वेळ द्या.

प्रश्न : आमच्या पेढीचा लोगो मुंबईच्या डिझाइनरने पाठवला. एआय फाईल आहे. पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर लोगोऐवजी इंग्रजीत चार ओळींची सूचना दिसते. (सराफ, जळगाव)

उत्तर : एआय म्हणजे अडोबी इलस्ट्रेटरची फाईल. २००० साली आलेल्या इलस्ट्रेटर ९ पासून या फाईलच्या पोटात पीडीएफ ठेवता येते, आणि ती ठेवलेली असेल तर फाईल कोणत्याही पीडीएफ सॉफ्टवेअरमध्ये दिसते, इंकस्केपमध्येही उघडते. वर चोपड्याच्या ताईंना मी नाव बदलून काही होत नाही म्हटलं, त्याला झिपसारखाच हाही अपवाद: अशा एआयचं शेपूट पीडीएफ केलं तर ती खरोखर पीडीएफ म्हणून उघडते, कारण आत ती असतेच.

तुमच्या डिझाइनरने सेव्ह करताना ‘क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाईल’ ही टिक काढलेली आहे. फाईल हलकी व्हावी म्हणून काढतात. तुम्ही वाचलेली सूचना नेमकं तेच सांगते, की ही फाईल पीडीएफशिवाय सेव्ह केली आहे. तुमच्या बाजूने कितीही खटपट केली तरी लोगो दिसायचा नाही. त्यालाच ती टिक लावून पुन्हा पाठवायला सांगा, सोबत एसव्हीजी आणि पीडीएफही मागा. एसव्हीजी हे सगळ्यांसाठी खुलं असलेलं मानक आहे, २००१ पासूनचं, आणि ते ब्राउझरमध्येसुद्धा उघडतं. पेढीचा लोगो पिढ्यान्‌पिढ्या लागतो. तो एकाच कंपनीच्या कुलपात ठेवू नये असं मला वाटतं.

प्रश्न : केळीच्या खोक्यांच्या लेबलचं काम चालू असताना लाइट गेली. सेव्ह होत होतं नेमकं तेव्हाच. आता फाईल उघडताना खराब झाल्याचं सांगतो. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त पंखे. (स्क्रीन प्रिंटिंगवाले, रावेर)

उत्तर : मे महिन्यात रावेरला आधी पंखा, हे मी समजू शकते.

फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. शून्य केबी असेल तर त्या फाईलचा नाद सोडा, आत काही नाही. त्याच फोल्डरमध्ये ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणारी, पुढे तुमच्याच फाईलचं नाव असलेली दुसरी फाईल शोधा. कोरल सेव्ह करताना आधीची प्रत त्या नावाने ठेवतो. लोक ती कचरा समजून पुसतात. ती उघडली तर शेवटचं थोडं काम जाईल, बाकी मिळेल. ‘ऑटोबॅकअप ऑफ’ अशीही एक असू शकते. कॉम्प्युटर अचानक बंद पडला की ती मागे उरते. ती कुठे ठेवली जाते ते कोरलच्या ऑप्शन्समध्ये बॅकअपच्या सेटिंगमध्ये दिसतं. तिथंच किती मिनिटांनी बॅकअप घ्यायचा तेही ठरतं. तुमच्याकडच्या लाइटचा भरवसा बघता ती मिनिटं कमी करून घ्या.

दोन्ही नसतील आणि खराब फाईलची साइज धड दिसत असेल, तर नवीन कोरं पान घ्या आणि ओपनऐवजी इम्पोर्ट करून बघा. कधी कधी जमतं. मग लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये बघा, जेवढं वाचता येईल तेवढं ते दाखवतं, निदान लेबलचा सांगाडा हाती लागतो. शेवटी वर सांगितलेला झिपचा प्रयोग: आतलं बारकं चित्र निघालं तर ते समोर ठेवून नव्याने करायला बरं पडतं.

पेनड्राइव्हवरच फाईल उघडून काम करत असाल तर ती सवय मोडा. काम हार्ड डिस्कवर, पेनड्राइव्ह फक्त ने-आण करायला. कॉम्प्युटरला छोटा यूपीएस लावा, सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं मिळाली तरी काम झालं. इन्व्हर्टरवर पंखे राहू द्या.

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेसाठी घोड्याचं रेडियम कापायचं होतं. व्हॉट्सॲपवर आलेला घोडा कोरलमध्ये आणला, सीडीआर म्हणून सेव्ह केला, कटिंग प्लॉटरला दिला. मशीनने घोडा सोडून नुसता चौकोन कापला. (रेडियमवाले, नंदुरबार)

उत्तर : मशीनने बरोबर केलं. फोटो सीडीआरमध्ये ठेवला म्हणून त्याच्या रेघा तयार होत नाहीत. तो ठिपक्यांचा फोटोच राहतो, आणि प्लॉटरच्या पात्याला दिसते ती त्याची चौकट. फाईल पाठवण्याआधी कोरलच्या व्ह्यू मेनूतून ‘वायरफ्रेम’ करून बघत जा. जे रेघांनी दिसेल तेच कापलं जाणार.

घोड्याच्या रेघा काढायला कोरलमध्ये ‘पॉवरट्रेस’ आहे, एक्स-थ्रीपासून. इंकस्केपमध्ये पाथ मेनूत ‘ट्रेस बिटमॅप’. पण व्हॉट्सॲपने दाबून बारीक केलेल्या फोटोचं ट्रेसिंग केलं तर आयाळीच्या जागी खरखरीत कडा येतात, हजार बिंदू पडतात आणि पातं अडखळत जातं. पाठवणाऱ्याला सांगा, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. आधी घोडा नुसता काळा-पांढरा करा, मग ट्रेस करा, मग बिंदू कमी करा. एकावर एक आलेले आकार ‘वेल्ड’ करून म्हणजे एकजीव करून घ्या, नाही तर पाय आणि पोट जिथे मिळतात तिथे मशीन आडवा काप मारेल. खरं सांगायचं तर घोड्यासारखी बाह्यरेषा पेन टूलने हाताने काढलेली केव्हाही सरस. अर्धा तास जातो, पण पुढच्या दत्तजयंतीलाही तोच घोडा चालतो.

प्रश्न : आजोबांचा छापखाना बंद झाला. कपाटात सीडींची चळत आहे. काही फायलींना शेपूटच नाही, काही कोरलच्या फार जुन्या, काही पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या. काही सीडीआर कोरलच घेत नाही. गावातल्या जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं त्यात आहेत म्हणतात. (कॉलेज विद्यार्थिनी, पाचोरा)

उत्तर : बेटा, उघडायचं नंतर बघू, आधी सगळ्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घे. सीडीचा थर काळाने उडतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या कपाटात तर लवकरच. एखादी वाचत नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघ. एकाला न दिसणारी दुसऱ्याला दिसते.

शेपूट नसलेल्या फायली बहुधा मॅकवरच्या. जुन्या मॅकला शेपटाची गरज नसे. त्यांत फ्रीहँडच्या असू शकतील. फ्रीहँड हे एके काळी छापखान्यांचं लाडकं सॉफ्टवेअर. ते मॅक्रोमीडियाकडे होतं, २००५ मध्ये अडोबीने मॅक्रोमीडिया घेतली आणि २००७ मध्ये फ्रीहँड पुढे चालवणार नाही असं जाहीर केलं. आज ते विकत मिळत नाही, पण लिब्रेऑफिस ड्रॉ फ्रीहँडच्या फायली वाचतं. जुन्या कोरलच्या वाचतं आणि पेजमेकरच्याही बऱ्याचशा वाचतं. मराठी मजकुराचं मात्र धुळ्याच्या दादांसारखंच होईल, तेव्हा सीडींत ‘फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर कुठे दिसलं तर त्याला सोन्यासारखं जप.

कोरल घेत नसलेल्या सीडीआरमध्ये एक चकवा असू शकतो. मॅकवर आख्ख्या सीडीची नक्कल करून ठेवली की तिचंही शेपूट सीडीआरच येतं. त्या फाईलचा कोरलशी काही संबंध नसतो, तिच्या आत सबंध सीडी असते. साइज शेकड्यांनी एमबी असेल तर हाच संशय धर. मॅकवर ती डबल क्लिकने उघडते. मॅक नसेल तर सेव्हन-झिपने आत डोकावून बघ.

उरलेल्या फायली कशाच्या आहेत ते नोटपॅडमधली पहिली ओळ सांगते. टक्क्याची खूण, उद्गारचिन्ह आणि पुढे ‘पीएस-अडोबी’ असेल तर पोस्टस्क्रिप्ट किंवा ईपीएस, म्हणजे छपाईसाठीची फाईल. ती उघडायला इंकस्केपसोबत घोस्टस्क्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअरही टाकावं लागतं. टक्का आणि ‘पीडीएफ’ असेल तर पीडीएफ किंवा नवी एआय. ‘आरआयएफएफ’ आणि ‘पीके’ वर सांगितलेच आहेत. यातलं काहीच जुळलं नाही तर सीडीचा फोटो पाठवू नकोस, त्या पहिल्या ओळीचा आणि फाईलच्या साइजचा पाठव.